दोन कुत्री, काळी माती आणि प्लास्टिकचं गवत : विश्रामबागेतलं एक प्रकरण

पहिलं काम माझंच होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सांगलीत विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या मागच्या परसात नोव्हेंबर २०२३ मध्ये मी २४ बाय १८ फुटांचं कृत्रिम गवत बसवलं. दिसायला देखणं झालं. मार्चमध्ये काकूंचा फोन आला, "अरे, पाहुणे आले की मागची खिडकी लावून घेतो आम्ही. तू एकदा ये आणि वास बघ." जूनमध्ये तेच गवत मी माझ्या हातानं उचकटलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्यानं बसवलं. घरात कुत्रं असेल आणि असं गवत घालायचा विचार चालू असेल, तर या एका परसात काय चुकलं आणि ते कसं सुधारलं, हे नीट वाचा. गवत निवडण्याआधी वाचलंत तर जास्त चांगलं.

घरात काका-काकू दोघंच, मुलगा पुण्याला. कुत्री दोन. ब्रुनो नावाचा लॅब्रॅडॉर, वय नऊ, वजन ३४ किलो, मागचे पाय कमजोर झालेले. आणि चिंगी, रस्त्यावरून उचलून आणलेली गावठी, पायाला चाकं लावल्यासारखी पळणारी. परसाच्या पश्चिम बाजूला जुना कडुलिंब. माती अस्सल काळी. पावसाळ्यात ती पंजांना लाडवासारखी चिकटून घरात यायची आणि काकूंचा दिवस फरशी पुसण्यात जायचा.

आधी त्यांनी खरी हिरवळ लावून पाहिली होती. कुत्र्याच्या लघवीत युरिया भरपूर. एकाच जागी रोज पडला की मधलं गवत जळतं आणि कडेला, जिथं तो थोडाच पोचतो, तिथं खत मिळाल्यासारखं गडद हिरवं कडं उमटतं. काकूंच्या हिरवळीवर अशी बारा-पंधरा पिवळी चकंदळं झाली होती आणि उरलेली चिंगीनं उकरली. शहाबादी फरशी टाकावी तर ओल्या फरशीवर ब्रुनोचे मागचे पाय फाकायचे. एकदा तो तसाच पडून राहिला, उठताच येईना. तेव्हा पायाला पकड देणारं, चिखल न होणारं काहीतरी हवंच होतं. कृत्रिम गवताचा निर्णय चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणतो. चुकलं ते गवताच्या खाली.

मी तोवर बाल्कन्या, गच्च्या आणि दोन-तीन हॉटेलांची अंगणं केली होती. त्याच सवयीनं इथंही केलं. वरची माती खरवडली, चार इंच मुरूम टाकला, त्यावर दगडाची बारीक कच पसरली, पाणी मारून रोलर फिरवला. जमीन रस्त्यासारखी टणक झाली याचं मला समाधान वाटलं होतं. त्यावर तण येऊ नये म्हणून जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर ४० मिलिमीटर उंचीचं दाट गवत, आणि पाती उभी राहावीत म्हणून सिलिका वाळू. गवताची पाठ लॅटेक्सची होती, तिला साधारण चार-चार इंचांवर भोकं. ढाळ काढला नाही. परस सपाट हवं असं काका म्हणाले आणि मीही मान डोलावली.

वास कुठून येतो

ताज्या लघवीला एवढा वास नसतो. तिच्यातल्या युरियावर जिवाणू काम करतात, त्यांच्याकडचं युरिएज नावाचं विकर युरिया फोडतं आणि अमोनिया सुटतो. नाकात झिणझिणतो तो हा अमोनिया. मातीत हेच घडतं, पण तिथले दुसरे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि मुळं ते शोषून घेतात. म्हणजे माती लघवी पचवते. प्लास्टिक पचवत नाही. त्याच्याकडे पचवायला काहीच नाही, त्यामुळे जे पडतं ते वाहून गेलं पाहिजे, नाहीतर तिथंच कुजणार.

३४ किलोचा कुत्रा दिवसाला साधारण पाऊण-एक लिटर लघवी करतो. त्यातली निम्मी बाहेर फिरताना झाली असं धरलं तरी नोव्हेंबर ते मार्च एकट्या ब्रुनोची पन्नासेक लिटर त्या गवतात गेली होती. शिवाय सांगलीचा हिशोब वेगळा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सगळं धुऊन नेईल. सांगलीत त्याचा जेमतेम दहावा हिस्सा, आणि परतीचा पाऊस संपला की पुढचे सहा-सात महिने आभाळ कोरडं. त्यात उन्हाचा तडाखा. ऊन वाढलं की अमोनिया जोरात उडतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत कोणाला काही जाणवलं नाही आणि मार्चमध्ये एकदम खिडकी लावायची वेळ आली.

घरच्यांनी आधी आपल्या परीनं उपाय केले. फिनेल टाकलं, दोन दिवस फिनेलचा वास आला आणि मग दोन्ही वास आले. व्हिनेगर फवारलं, त्यातल्या आम्लानं वर असलेला अमोनिया तेवढ्यापुरता मारला जातो, खालचा साठा तसाच. मग काकांनी ब्लीचिंग पावडर कालवून ओतली. हे मात्र जिवावर बेतणारं आहे. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचा वायू तयार होतो. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, खोकल्याची उबळ थांबेना, आणि ब्रुनो दोन दिवस दारातून बाहेर पडायला तयार नव्हता. लघवीच्या जागेवर ब्लीच कधीही ओतू नका. घरात येणाऱ्या कामवाल्या मावशींनाही हे आवर्जून सांगा, कारण बाटली बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असते.

मी मार्चमध्ये जाऊन पाइपनं तासभर पाणी मारलं. पाणी गवतावरच तळ्यासारखं साचलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

जूनच्या पहिल्या दोन पावसांनी उरलेलं काम केलं. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यातली चिकणमातीच तशा जातीची आहे. गवताच्या कडेनं पाणी शिरलं, कडा फुगल्या आणि मधला भाग झाकलेला असल्यामुळे कोरडाच राहिला. परस मध्ये बसलेल्या खाटेसारखं झालं. त्यात एका जोडाची पट्टी सुटली, ब्रुनोला ती दातात धरायला सापडली, आणि एका सकाळी त्यानं ओकारी काढली त्यात हिरव्या तंतूंचा गुंता निघाला. आतड्यात अडकला असता तर पोट उघडावं लागलं असतं. त्या दिवशी मी ठरवलं, डागडुजी बास.

गवताखाली

गवत उचकटायला माझ्याबरोबर आमचे गवंडी मामा होते. ब्रुनोची नेहमीची जागा मागच्या पायरीपासून चार पावलांवर. तिथला तुकडा उलटा केला. खालचं पांढरं कापड हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखं पिवळं झालेलं. ते बोटानं उचललं तर ओलं, बुळबुळीत, आणि वास असा की मी तोंड फिरवलं. कापडाखालच्या कचेचा थर काळपट, लापशीसारखा. पण त्याच्या खाली, अंगठ्याएवढ्या खोलीवर, मुरूम कोरडा ठणठणीत! म्हणजे सात महिन्यांत लघवी अंगठाभरसुद्धा खाली गेली नव्हती. मी रोलर फिरवून तिची वाट इतकी पक्की बंद केली होती.

मामांनी थापीच्या टोकानं मुरूम टोकरून पाहिला आणि म्हणाले, "दादा, मुतीला वाट पायजे बघा. गवताचं काय, ते पडून ऱ्हातंय. हितं तर मोरी बांधाय पायजे हुती."

माझ्या डोक्यात पुढची सगळी मांडणी या एका वाक्यावरून झाली. आपल्याकडे नहाणीची मोरी बांधताना कोणी फरशीच्या रंगापासून सुरुवात करत नाही. आधी ढाळ, मग पाणी जायची वाट, मग जाळी, फरशी सगळ्यात शेवटी. कुत्र्यासाठी गवत घालायचं तर काम मोरीचं आहे, गालिचा अंथरण्याचं नाही.

पावसाळ्यात काळी माती खणता येत नाही, फावड्याला चिकटून बसते. तो वेळ मी नमुने तपासण्यात घालवला. वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून चार तुकडे आणले आणि काकांच्या गच्चीवर एकेका बादलीच्या तोंडावर ताणून बांधले. आधी प्रत्येकावर तांब्याभर पाणी ओतून ते किती वेळात खाली उतरतं ते पाहिलं. मग ऑक्टोबरच्या उन्हात आठ दिवस रोज सकाळी प्रत्येकावर चहाचा कपभर ब्रुनोची लघवी. ती गोळा करायचं काम काका करायचे, जुन्या कढईत, आणि न चुकता करायचे. नवव्या दिवशी काकूंना खालीच बसवलं, तुकड्यांवर आकडे लिहून एकेक त्यांच्यापुढे नेला. कुठला कोणता हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सगळ्यात वाईट ठरला तो सगळ्यात महाग आणि सगळ्यात मऊ तुकडा. त्याच्या तळाशी तपकिरी कुरळ्या तंतूंची दाट गादी होती, हाताला छान लागते, लघवीही तिथंच धरून ठेवते. लॅटेक्सच्या पाठीचे दोन्ही तुकडे वास मारत होते. लॅटेक्स ओल पितं, आणि दोन भोकांच्या मधल्या जागेत पडलेलं भोकापर्यंत पोचतच नाही. काकूंनी ज्याला "हा धुतलेला आहे का?" असं विचारलं तो २५ मिलिमीटरचा, पॉलिइथिलिनच्या पात्यांचा, तळाला विरळ कुरळे तंतू असलेला आणि पॉलियुरेथेनच्या पाठीचा होता. भोकंही त्याला जास्त. चिमट्यानं पाती ओढून पाहिली, एकही झुपका सुटला नाही. दुकानात तो चौघांत सगळ्यात साधा दिसत होता.

पुन्हा मांडणी

गवताचा रोल २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट रुंद येतो. पहिल्या वेळी १८ फुटांसाठी मी तीन पट्टे घेतले होते, दोन जोड आले होते आणि दीड फुटाची पट्टी वाया गेली होती. या वेळी परस रोलाच्या मापानं आखलं. दोन पट्टे, १३ फूट रुंदी, २४ फूट लांबी, एकच जोड, वाया काही नाही. उरलेली पाच फुटांची पट्टी कडुलिंबाखाली मातीची सोडली. ती चिंगीसाठी. या पोरीनं त्या गवतावर सात महिन्यांत एकदाही लघवी केली नव्हती, कोपऱ्यातली मूठभर माती शोधून तिथंच जायची आणि उकरायला कुंडीच घ्यायची. कुत्र्याला उकरायला जमीन लागते. सगळं परस झाकून टाकणं हा त्या जनावरावर अन्यायच आहे, हे मला पहिल्यांदा सुचलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

खोदाई नऊ इंच, म्हणजे जवळजवळ अडीच ब्रास माती बाहेर. मामांनी खालच्या काळ्या मातीलाच ढाळ दिला, घराकडून कुंपणाकडे १३ फुटांत अडीच इंच, लेव्हलच्या नळीनं चारदा तपासून. हा मुद्दा नीट लक्षात घ्या : पाणी खडीतून खाली उतरेल, पण एकदा फुगलेली काळी माती ते पिणार नाही, ते मातीच्या पाठीवरूनच वाहणार. म्हणून ढाळ वरच्या गवताला असून भागत नाही, खालच्या मातीलाही लागतो. जिओटेक्स्टाइल या वेळी त्या मातीवर टाकलं, म्हणजे फुगणारी माती खडीत मिसळणार नाही. गवत आणि खडी यांच्यामध्ये कापड अजिबात नाही.

त्यावर सहा इंच २० मिलिमीटरची धुतलेली खडी, वर दोन इंच १० मिलिमीटरची. कच नाही, मुरूम नाही. प्लेट कॉम्पॅक्टरनं दाबली. धुतलेली खडी रोलरखाली गच्च बसते, तरी तिच्यातल्या फटी उघड्या राहतात. कुंपणाच्या कडेनं चार इंची भोकांचा पीव्हीसी पाइप, कापडात गुंडाळून. तो शोषखड्ड्यात सोडा असं एकानं सुचवलं होतं. काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे नुसती टाकी, भरली की भरली. पाइप गली ट्रॅप (गटाराचा वास परत येऊ न देणारा पाण्याचा सापळा) बसवून घराच्या सांडपाण्याच्या चेंबरला जोडला.

गवत ठोकून बसवायचे यू आकाराचे खिळे खडीत धरत नाहीत. म्हणून चारही बाजूंना सिमेंटची बुटकी कड घेतली, गवताची किनार तिच्यावर पॉलियुरेथेनच्या डिंकानं चिकटवली आणि वरून शहाबादीची चार इंची पट्टी दाबून बसवली. ब्रुनोच्या दाताला धरायला टोकच उरलं नाही. जोडाच्या ठिकाणी दोन्ही पट्ट्यांची किनारीची दोन-तीन शिवणं कापली, पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवला आणि रुंद पट्टीवर तोच डिंक. पहिल्या वेळी रबर सोल्यूशन वापरलं होतं, ते उन्हात सुटतं.

पात्यांमध्ये भर म्हणून वाळू किंवा टायरचा चुरा नाही. चुरा तापतो, वास मारतो आणि कुत्रं तो चाटतं. युरोपीय संघानं २०२३ मध्ये अशा बारीक प्लास्टिक-रबराच्या भरीवर बंदीचा निर्णय घेतला, ती २०३१ पासून पूर्ण लागू होईल. आम्ही झिओलाइट घेतलं. आपल्याकडे विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळीतून जे पांढरे-गुलाबी स्फटिक निघतात, त्यांतले बरेच याच कुळातले. भरीला लागतं ते क्लिनोप्टिलोलाइट. त्याच्या अंगातल्या बारीक पोकळ्यांत अमोनियम अडकतो आणि बदल्यात सोडियम सुटतो. मत्स्यतळ्यांचं सामान विकणाऱ्याकडे ते मिळालं, कारण तळ्यातला अमोनिया धरायलाही तेच वापरतात. पूड घेऊ नका, दाणेदार मागा. २५ किलोच्या सात गोण्या लागल्या, चौरस फुटाला अर्ध्या किलोहून थोडं जास्त.

झिओलाइट कायमचं पुरत नाही. पोकळ्या भरल्या की ते थकतं. मग मिठाचं दाट पाणी ओतायचं, सोडियम आत जातो, अमोनियम बाहेर पडतो, आणि वरून भरपूर साधं पाणी. या खारट पाण्याची वाट चेंबरकडे आहे म्हणून हे चालतं. तेच केळीच्या आळ्यात सोडलं असतं तर केळी गेली असती.

उन्हाचा प्रश्न गवत बदलून सुटत नाही. भर दुपारी प्लास्टिकचं गवत ६० अंशांच्या पुढे सहज तापतं, मग ते कितीही भारी असो. पाणी मारलं की थंड होतं आणि थोड्याच वेळात पुन्हा तापतं. तळहात सात सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्याचा पंजाही भाजणार. कडुलिंबाची सावली दुपारनंतरच येते, म्हणून तासगावकडच्या बेदाणा शेडवर असते तीच हिरवी नेट आणली आणि लोखंडी पाइपांवर ताणली. मुलगा पुण्याहून आला तेव्हा म्हणाला, "नेटमुळे लूक गेला." काकू म्हणाल्या, "तुझा लूक राहू दे, ब्रुनो दुपारी बाहेर बसतोय."

खर्चाचं थोडक्यात : खोदाई, खडी, पाइप, कड आणि झिओलाइट मिळून जवळजवळ गवताइतकेच पैसे लागले. मजुरी मी घेतली नाही, घ्यायचा हक्कच नव्हता. कोणी गवताचा दर सांगून "खालचं काम त्यातच आलं" म्हणाला, तर खाली काय घालणार हे थरागणिक लिहून मागा.

एक इशारा गावभागातल्या, मारुती चौकाकडच्या मंडळींना. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पुराचा गाळ एकदा खडीच्या फटींत बसला की ही सगळी व्यवस्था मातीमोल. तिथं मी हे काम घेत नाही. फरशीवर रबरी चटई घाला, पूर ओसरला की उचलून धुता येईल.

मे २०२५ मध्ये मी मुद्दाम भर दुपारी गेलो. काकूंची दिनचर्या बसलेली होती : शी लगेच उचलायची, ब्रुनोच्या जागेवर संध्याकाळी दोन बादल्या पाणी, आठवड्यातून एकदा विकराचं औषध फवारायचं, तीन महिन्यांनी मीठ. गुडघ्यांवर बसून नाक गवताला लावलं. पायरीजवळ वास नाही. मधे नाही. जोड घट्ट, कड सरळ. उत्तरेच्या कोपऱ्यात मात्र नेटच्या खांबापाशी नाकात बारीक झिणझिण आली. ब्रुनोनं खांब धरलाय, आणि खांबाच्या सिमेंटच्या पायामुळे तिथं खडी फक्त दोन इंच आहे. तेव्हाच ठरवलं, मामांना घेऊन पुन्हा यायचं. खांबाभोवतीचं दोन फूट गवत कापून तिथं पाइपापर्यंत नुसती खडी भरायची, आणि खांबाचा पाया तासून काढायचा.